‘द थर्ड मॅन’: खलनायक पडद्यावर, नट गैरहजर

1948 च्या ऑक्टोबरात ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटासाठी लंडन फिल्म्सचं युनिट व्हिएन्नात कामाला लागलं तेव्हा दिग्दर्शक कॅरल रीडपुढे एक नडणारी अडचण होती. ज्या हॅरी लाइमभोवती पटकथा फिरते, तो पहिला तासभर पडद्यावर येतच नाही. सगळे जण त्याच्याबद्दल नुसते बोलत राहतात. आणि ही भूमिका करणारा ऑर्सन वेल्स चित्रीकरण सुरू होऊन आठवडे उलटले तरी शहरात आलेला नव्हता. तो आला तो थोड्या दिवसांसाठी, आणि गटारात उतरून पळापळीची दृश्यं द्यायला त्याची फारशी तयारी नव्हती.

पटकथेला हवी असलेली अनुपस्थिती आणि सेटवर सोसावी लागलेली अनुपस्थिती या दोन्ही गोष्टी एकाच हत्यारांनी कशा निभावल्या गेल्या, एवढंच प्रकरण इथे घेतलं आहे. चित्रपटाबद्दल बाकी लिहिण्यासारखं बरंच आहे, ते लागेल तेवढंच येईल. कथेतली सगळी गुपितं मात्र उघडी होणार आहेत.

कथा आणि शहर

पटकथा लिहिणाऱ्या कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनकडे बीज म्हणून पाकिटावर खरडून ठेवलेलं एक वाक्य होतं: आठवड्यापूर्वी ज्याला मूठमाती दिली, तोच माणूस लंडनच्या स्ट्रँडवर गर्दीत चालताना दिसला. निर्माता अलेक्झांडर कोर्डाला हवा होता युद्धानंतरच्या व्हिएन्नावर चित्रपट. 1948 च्या फेब्रुवारीत ग्रीनला तिथे पाठवण्यात आलं आणि दोन गोष्टी त्याच्या हाती लागल्या. एक म्हणजे पेनिसिलिनचा काळाबाजार, दुसरी म्हणजे शहराखालची गटारं आणि तिथे गस्त घालणारे पोलीस. या दोहोंनी कथेचा सांगाडा उभा राहिला.

हॉली मार्टिन्स (जोसेफ कॉटन) हा सवंग वेस्टर्न कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकन लेखक मित्राच्या, म्हणजे हॅरीच्या बोलावण्यावरून व्हिएन्नात येतो आणि थेट त्याच्या दफनविधीलाच पोचतो. मोटारीखाली सापडून हॅरी गेला, असं सांगितलं जातं. देह उचलणारे दोघे होते, असं हॅरीचे मित्र सांगतात. इमारतीचा रखवालदार म्हणतो, तिसराही एक होता. ब्रिटिश लष्करी पोलिसांचा मेजर कॅलोवे (ट्रेव्हर हॉवर्ड) मार्टिन्सला पुरावे दाखवतो. लाइम लष्करी इस्पितळातून चोरलेलं पेनिसिलिन पातळ करून विकत होता आणि ते टोचलेली मुलं मेली किंवा कायमची अधू झाली. तो तिसरा माणूस खुद्द लाइमच असतो, आणि शवपेटीत असतो त्याच्या टोळीतला फुटलेला माणूस, इस्पितळातला अर्दली हार्बिन.

शहराची वाटणी कथेच्या यंत्रणेचाच भाग आहे, म्हणून ती नीट समजून घ्यावी लागते. व्हिएन्ना अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांच्यात विभागलेलं होतं. मधला पहिला जिल्हा चौघांच्या संयुक्त ताब्यात, त्याचा कारभार दर महिन्याला एकाकडून दुसऱ्याकडे जाई. गस्तीच्या जीपमध्ये चार फौजांचा एकेक शिपाई. वर रस्त्यावर हद्दीत अडकायला होई. जमिनीखाली मात्र हद्द नव्हती. सोव्हिएत भागात दडलेला लाइम ब्रिटिशांच्या नाकाखाली कसा येतो-जातो, याचं उत्तर गटारात आहे. गटार इथे निव्वळ नेपथ्य असतं तर शेवटचा पाठलाग कुठल्याही गोदामात उरकता आला असता.

तीन युनिटं, एक दिग्दर्शक

व्हिएन्नातलं काम साधारण दीड महिन्यात, हिवाळा कडक होण्याआधी संपवायचं होतं. मग इंग्लंडमधल्या स्टुडिओत, मुख्यतः शेपरटनला, उरलेलं काम. रीडने कॅमेऱ्याची तीन युनिटं केली: दिवसाचं काम हान्स श्नीबर्गरकडे, रात्रीचं रॉबर्ट क्रास्करकडे, गटारातलं स्टॅन पेव्हीकडे. युनिटं तीन झाली, पण रीडने तिन्हींचं दिग्दर्शन स्वतःकडेच ठेवलं आणि जागं राहण्यासाठी तो बेंझेड्रीनच्या गोळ्या घेत होता. आज कुठलाही निर्माता हा बेत पाहून हात जोडेल.

मोसमाचं गणित मात्र सोयीचं होतं. नोव्हेंबरच्या मध्याला व्हिएन्नात सूर्य सव्वाचारच्या सुमाराला मावळतो आणि सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे संधिप्रकाश वगळला तरी अंधार जवळजवळ 14 तासांचा. रात्रीच्या युनिटला भरपूर वेळ मिळतो, दिवसाच्या युनिटला उणेपुरे सात-आठ तास, त्यातही ढगाळ उजेड. ज्या चित्रपटात नव्वद टक्के लोकांना फक्त रात्र आठवते, त्या चित्रपटाला हा मोसम साजेसाच होता.

ऑस्करचं पारितोषिक कृष्णधवल छायाचित्रणासाठी क्रास्करला मिळालं आणि बाकी दोघांची नावं जाणकारांपुरती उरली. श्नीबर्गर काही ऐरागैरा नव्हता. ‘द ब्लू एंजल’च्या दोन छायाचित्रणकारांपैकी तो एक. रात्रीची सुरेख दृश्यं पाहून दिवसाच्या करड्या, बॉम्बने फुटलेल्या गल्ल्यांचं श्रेयही क्रास्करला देऊन टाकण्याची सवय लेखकांना लागली आहे, ती सोडायला हवी.

वेल्सची भानगड अशी. तो तेव्हा युरोपात स्वतःच्या ‘ऑथेल्लो’साठी पैसे गोळा करत फिरत होता. त्याला पकडून आणण्यासाठी व्हिन्सेंट कोर्डाला, म्हणजे निर्मात्याच्या भावाला आणि याच चित्रपटाच्या कलादिग्दर्शकाला, इटलीत गावोगाव त्याच्या मागे फिरावं लागलं, असं कोर्डा कुटुंबातूनच सांगितलं गेलं आहे. नफ्यातला वाटा सोडून वेल्सने एकरकमी मानधन घेतलं. सहनिर्माता डेव्हिड सेल्झनिकला या भूमिकेत नोएल कॉवर्ड हवा होता. रीड वेल्सवर अडून बसला. म्हणजे न येणाऱ्या नटाची निवड दिग्दर्शकाची स्वतःची होती आणि ती निभावून न्यायची जबाबदारीही त्याच्याचकडे आली.

दारातला माणूस

आता मुख्य दृश्य. चित्रपट सुरू होऊन तासाहून थोडा जास्त वेळ झालेला असतो.

मार्टिन्स दारू पिऊन, फुलं घेऊन हॅरीच्या प्रेयसीकडे, ॲनाकडे (आलिडा वाली) रात्री उशिरा जातो. तो तिच्या मांजराला दोरीने खेळवू पाहतो. मांजर त्याला धूप घालत नाही. ॲना सहज सांगून जाते की त्याला फक्त हॅरी आवडायचा. मांजर खिडकीतून निसटतं. पुढे रस्त्यावर एक माणूस अंधाऱ्या दारात जाऊन उभा राहतो, मांजर तिथे येतं, बुटांपाशी बसतं, नाडीशी खेळायला लागतं.

प्रेक्षकाला कळलं. मार्टिन्सला अजून पत्ता नाही. हे वेळेचं अंतर फार जपून राखलं आहे. एक वाक्य, एक मांजर आणि एक बूटजोड. चेहरा नाही, आवाज नाही, नट नाही. माणसाची ओळख पटवणारा पुरावा माणसाच्या अंगावर ठेवलेलाच नाही, तो मांजराच्या वागण्यात ठेवला आहे. निर्मितीच्या भाषेत सांगायचं तर त्या बुटांत कोण उभं आहे, याला काडीचंही महत्त्व नाही. अशा दृश्यासाठी महागडा नट दिवसभर थांबवून ठेवण्याचं कारण उरत नाही.

मग मार्टिन्स खाली येतो, दारातली आकृती पाहतो, पोलिसांनी मागावर लावलेला माणूस समजून तिच्यावर ओरडतो. त्या आरडाओरड्याने वरच्या मजल्यावरची एक बाई जागी होते, दिवा लावते, खिडकीतून जर्मनमध्ये तोंडसुख घेते. तो उजेड दारात पडतो आणि वेल्सचा चेहरा दिसतो. कॅमेरा जवळ जातो. चेहऱ्यावर घाबरगुंडी नाही, पश्चात्ताप नाही; शाळेत खोडी काढताना सापडलेल्या मुलाचं हसू आहे. दिवा विझतो. मार्टिन्स रस्ता ओलांडू लागतो, मधून मोटार जाते, आणि पावलांचा आवाज तेवढा उरतो.

या शॉटच्या प्रकाशयोजनेत तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. पहिली, दार खोल कोनाड्यात आहे. जागा खरी आहे, श्रायफोगेलगासे 8, म्योल्कर बास्टाईच्या उतारालगत. कोनाडा असल्याने रस्त्यावरचा बाकीचा प्रकाश आत पोचत नाही. दुसरी, कोट काळा, हॅट काळी, मागची बाजूही काळी. फ्रेममध्ये पांढरं होऊ शकेल असं चेहऱ्याखेरीज काहीच उरत नाही. तिसरी, उजेड कुठून आला याचं कारण कथेतच दिलेलं आहे. घरातल्या दिव्याचा उजेड प्रत्यक्षात रस्ता ओलांडून एवढ्या जोरात समोरच्या दारात पडत नाही. त्या काळच्या फिल्मवर तर त्याची नोंदही झाली नसती. म्हणून दिवा युनिटचाच, उंचावरून, नेम धरून मारलेला. पण खिडकीतली बाई ओरडल्यामुळे प्रेक्षक तो हिशेब मागत नाही. प्रकाश खोटा असला तरी चालतो, त्याचं कारण खरं वाटायला हवं.

ही युक्ती पुढे शेकड्यांनी उचलली गेली. बिघडते ती दोन ठिकाणी. एक, प्रकाश हळूहळू वाढवला जातो. इथे तो खटकन येतो आणि खटकन जातो, कारण घरातला दिवा तसाच लागतो. दोन, चेहरा दिसल्यावर नट काहीतरी बोलतो. लाइम एक शब्द बोलत नाही. तासभर ज्याच्याबद्दल इतरांनी तोंड वाजवलं, त्याने गप्प राहावं यातच सगळी मजा आहे.

सावलीचं गणित

इथून लाइम पळतो आणि मार्टिन्स मागे धावतो. दिसते ती घरांच्या भिंतींवरून धावणारी प्रचंड सावली. ती वेल्सची नाही. सहायक दिग्दर्शक गाय हॅमिल्टन, जो पुढे ‘गोल्डफिंगर’चा दिग्दर्शक झाला, त्याला भरगच्च ओव्हरकोट आणि हॅट घालून पळवण्यात आलं.

हे का जमलं ते आकड्यांत सांगता येतं. सावली किती मोठी पडेल हे दोन अंतरांच्या भागाकारावर ठरतं: दिवा ते भिंत, भागिले दिवा ते माणूस. उदाहरणादाखल, दिव्यापासून माणूस 3 मीटरवर आणि भिंत 24 मीटरवर असेल तर सावली 8 पट. पावणेदोन मीटरचा माणूस 14 मीटरचा होतो, म्हणजे चार मजल्यांची इमारत सहज व्यापतो.

पण प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. त्याच मांडणीत माणसावर पडणारा प्रकाश भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या 64 पट असतो. भिंत नीट दिसावी असं एक्स्पोजर ठेवलं तर माणूस जळून पांढराफटक होतो. माणसाला जपलं तर भिंत काळी पडते. तेव्हा माणसाला फ्रेमबाहेर ठेवण्याला पर्याय नाही. ज्या तंत्राने सावली महाकाय होते, तेच तंत्र माणसाला फ्रेममधून हाकलतं. आणि माणूस फ्रेममध्ये नसेल तर तो वेल्स असण्याची गरज काय? हॅमिल्टनचं पळणं ही तडजोड नव्हती. वेल्स हजर असता तरी त्या शॉटमध्ये तो दिसला नसता.

सावलीची धार राखणं हे वेगळं काम. दिव्याचं प्रकाश फेकणारं तोंड जितकं मोठं तितकी कड धूसर. वरच्या मांडणीत धूसर पट्टा तोंडाच्या सात पट रुंद होतो (माणूस ते भिंत 21 मीटर, भागिले 3). पसरट तोंडाचा, 30 सेंटिमीटरचा दिवा लावला तर कड दोन मीटर पसरते आणि माणसाचा ढग होतो. कार्बन आर्क या त्या काळच्या दिव्यात प्रकाश कांडीच्या टोकावरच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या खळग्यातून येतो. समोरची काच काढून टाकली की पट्टा दहा सेंटिमीटरच्या आसपास राहतो आणि हॅटची कड ओळखू येते. हल्ली एलईडी पॅनेल लावून अशी सावली करायला जाणाऱ्यांची फजिती होते ती याचमुळे. पॅनेलला शेकडो तोंडं असतात, म्हणजे शेकडो सावल्या एकमेकींवर चढतात. एकच बारीक स्रोत असलेला दिवा घ्यावा, परावर्तक आणि काच दोन्ही काढावेत, आणि बाकीचे दिवे भिंतीवर अजिबात सांडू देऊ नयेत. एकही भटका दिवा भिंतीला लागला की काळ्या सावलीचा करडा डाग होतो.

रीडने हेच शस्त्र शेवटाकडे उलटवून वापरलं आहे. पोलीस लाइमसाठी दबा धरून बसलेले असताना चौकात एक भलीमोठी सावली भिंतीवर येऊ लागते. सगळे सावध होतात. आणि कोपऱ्यावरून निघतो फुगेवाला म्हातारा. प्रेक्षकाला सावली म्हणजे लाइम अशी सवय लावायची आणि नेमक्या वेळी ती मोडायची.

ओले दगड

रस्त्यांवर पाऊस पडताना दिसत नाही, तरी रात्रीचे दगड सतत ओले. अग्निशमन दलाचे बंब लावून रस्ते भिजवले जात. कोरडा दगड प्रकाश चहूकडे विखरून टाकतो, ओला दगड आरशासारखा एका दिशेला फेकतो. दिवा कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला, लांब आणि खाली ठेवला की दगडाच्या प्रत्येक उंचवट्यावर एक ठिपका चमकतो. दिवा कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवला तर ओला रस्ता कोरड्यापेक्षाही काळा दिसतो आणि पाण्याचा खर्च फुकट जातो.

या प्रकरणात त्याचा उपयोग असा की काळ्या कोटातली, चेहरा न दिसणारी आकृती चमकत्या जमिनीवर आपोआप उठून दिसते. दिवे कमी लागतात, आकृती कोणाचीही चालते. व्यावहारिक बाजू एवढीच सांभाळायची: सांध्यांतून पाणी निचरतं, म्हणून दर टेकआधी पुन्हा फवारणी हवी, आणि पहिला टेक भिजलेला व पाचवा टेक अर्धा सुकलेला असं झालं की संकलकाच्या कपाळाला आठ्या पडतात.

खांब, झाकण, गटार

मार्टिन्स पाठलाग करत आम होफ चौकात येतो. लाइम गायब. चौकात फक्त जाहिराती चिकटवण्याचा गोल खांब. दुसऱ्यांदा कॅलोवे सोबत येतो तेव्हा कळतं की खांबाला दार आहे आणि आत गटारात उतरणारा जिना. आम होफमधला तो खांब चित्रपटासाठी उभारलेला होता. श्रायफोगेलगासे ते आम होफ हे अंतर साधारण अर्धा किलोमीटर. पडद्यावर ते एका दमात कापलं जातं. व्हिएन्नाच्या माणसाला हा पाठलाग भूगोलाच्या दृष्टीने मधूनमधून अडखळणारा वाटत असणार, बाकी जगाला काही फरक पडत नाही.

गटारातला पाठलाग हे या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम. खऱ्या जागा वापरल्या आहेत, आच्छादलेल्या वीन नदीचा बोगदा आणि तिच्या कडेचे कालवे. गटारात गस्त घालणारी शहर पोलिसांची खरी तुकडीही पडद्यावर आहे. आणि वेल्स? त्याच्या वाट्याचं बरंचसं काम बदली माणसाने केलं आणि उरलेलं शेपरटनला व्हिन्सेंट कोर्डाने बांधलेल्या गटाराच्या सेटवर झालं.

पाठलाग दोन-तीनदा सावकाश पाहिला की विभागणीचा नियम दिसू लागतो. बोगद्याची पूर्ण रुंदी, कमानी, लांबवर पळणारी छोटी आकृती, टॉर्चचे झोत: यात चेहरा नाही. घामेजलेला चेहरा, वळणारी मान, लोखंडी जिन्यावरचे हात: यात जागा थोडीच दिसते. लांबचा शॉट खऱ्या जागेचा, जवळचा सेटचा. सांधा लपवायला तीन गोष्टी कामी येतात. भिंत दोन्हीकडे सारखी ओली असली पाहिजे. प्रकाश दोन्हीकडे पात्राच्या पाठीमागून, बोगद्याच्या टोकाकडून आला पाहिजे. आणि आवाज अखंड राहिला पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाण्याचा खळखळाट, बुटांचे आवाज, जर्मनमधल्या हाका, त्यांचे प्रतिध्वनी; संगीत नाही. हाक नेमकी कुठल्या बोगद्यातून आली हे लाइमला कळत नाही, प्रेक्षकालाही कळत नाही. चित्र दोन देशांत कापलेलं आहे, पण कानाला जागा एकच ऐकू येते. संकलक ओस्वाल्ड हाफेनरिक्टरला ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगीच नाही.

मग तो शॉट. जखमी लाइम जिना चढून वरच्या जाळीपर्यंत पोचतो, झाकण उचललं जात नाही, आणि रस्त्यावरून दिसतात जाळीतून वर आलेली, हवेत चाचपडणारी बोटं. ती बोटं कॅरल रीडची आहेत. खालचा चेहरा वेल्सचा, वरची बोटं दिग्दर्शकाची, मध्ये एक कट. लाइमची कीव यावी असा हा चित्रपटातला एकमेव क्षण, आणि त्यातली अर्धी बाजू नटाने केलेलीच नाही.

नट हजर झाला की

मग वेल्सच्या वाट्याला उरलं काय? प्राटर या व्हिएन्नाच्या करमणुकीच्या बागेतला पाळणा. हे प्रचंड चक्र 1897 चं, उंची 64.75 मीटर, युद्धात जळालं आणि 1947 मध्ये पुन्हा सुरू झालं ते 30 ऐवजी 15 डब्यांसह. डब्याच्या आतला संवाद स्टुडिओत, खिडक्यांबाहेर मागून प्रक्षेपित केलेलं शहर ठेवून घेतला आहे. नीट पाहिलं तर बाहेरचं दृश्य आतल्यापेक्षा जरा मऊ आणि कमी काळंपांढरं दिसतं. पुन्हा छायाचित्रित केलेल्या चित्राचा तो अटळ दोष आहे.

इथे रीड आधीची सगळी हत्यारं बाजूला ठेवतो. सावली नाही, अंधार नाही. दिवसाउजेडी, बंद डब्यात, माणूस समोर बसून बोलतो. लाइम खालच्या माणसांकडे ठिपके म्हणून बोट दाखवतो आणि एक ठिपका हलायचा थांबला तर वीस हजार पौंड मिळणार असतील तर तू नको म्हणशील का, असं मित्राला विचारतो. डब्याचं दार उघडून तो उभा राहतो तेव्हा मार्टिन्सचा हात खांबाभोवती घट्ट आवळतो. धमकी शब्दांत आलेली नसते. खाली उतरल्यावरचं स्विस लोक आणि कुकू घड्याळांबद्दलचं वाक्य वेल्सने स्वतः घातलं. घड्याळं मुळात जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची, हे त्याला नंतर स्विस लोकांनी सुनावलं.

तासभर न दिसलेला माणूस एकदाचा समोर बसतो आणि तो आवडतो, ही खरी पंचाईत आहे. गेला तासभर केलेली बदनामी प्रेक्षक पाच मिनिटांत विसरायला तयार होतो. म्हणून तर त्यानंतर कॅलोवेला मार्टिन्सला मुलांच्या इस्पितळात न्यावं लागतं. तिथेही मुलं दाखवलेली नाहीत. खाटांचे कठडे, मार्टिन्सचा चेहरा, आणि परिचारिकेने डोकं खाली करून टाकून दिलेला एक कापडी अस्वल. लाइमसाठी वापरलेली न दाखवण्याची रीत इथे त्याच्याविरुद्ध वापरली आहे, आणि माझ्या मते हा चित्रपटातला सर्वांत अचूक निर्णय आहे.

तिरका कॅमेरा: किती आणि कुठे

क्षितिज वाकडं करणाऱ्या फ्रेम हा या चित्रपटाचा सर्वांत जास्त नक्कल झालेला आणि सर्वांत कमी समजलेला भाग. दिग्दर्शक विल्यम वायलरने रीडला गवंड्याचं लेव्हल भेट पाठवलं, कॅमेऱ्यावर ठेवा म्हणून, असा किस्सा आहे. थट्टा अस्थानी नव्हती. मधल्या भागात हॅरीच्या साथीदारांच्या, कुर्ट्झ, विंकेल, पोपेस्कू अशा एकामागून एक साक्षी होतात, तिथे जवळजवळ प्रत्येक बाजू वाकडी आहे आणि तिसऱ्या साक्षीपर्यंत डोळा सरावतो. मग तिरकेपणा बोलेनासा होतो. जिथे सरळ फ्रेमनंतर अचानक तिरकी येते, उदाहरणार्थ चेंडूवाला पोरगा गर्दीसमोर मार्टिन्सकडे बोट दाखवून जर्मनमध्ये खुनी, खुनी करू लागतो, तिथे ती बोचते. त्या संवादाला सबटायटलही नाही. मार्टिन्सला भाषा येत नाही, प्रेक्षकानेही त्याच्याइतकंच अडाणी राहावं, असा बेत.

झिथर

रीडला भव्य वाद्यवृंद नको होता, व्हिएन्नाचा वॉल्ट्झ तर नकोच. एका मेजवानीत त्याने अँटन कारासला झिथर वाजवताना ऐकलं. झिथर हे आपल्या स्वरमंडळाच्या कुळातलं, आडवं ठेवून छेडायचं तंतुवाद्य. कारास वाइनच्या गुत्त्यांत वाजवणारा माणूस, चित्रपटाला संगीत दिलेलं नव्हतं. त्याला लंडनला नेऊन, रीडच्या घरी ठेवून, चित्राबरहुकूम वाजवून घेतलं. शीर्षकनामावलीत पडद्यावर दिसतात त्या झिथरच्या थरथरणाऱ्या तारा. लाइमची धून अमेरिकेत 1950 मध्ये 11 आठवडे अव्वल क्रमांकावर राहिली.

आपल्या प्रकरणाशी याचा संबंध असा की धून लाइमची आहे आणि ती तो येण्याआधीपासून वाजते. ती खेळकर आहे, निलाजरी आहे. पडद्यावर तो दिसायच्या आधी त्याचा स्वभाव कानावर पडलेला असतो. दारातलं हसू ओळखीचं वाटतं ते त्यामुळेही.

शेवट आणि दोन प्रती

ग्रीनच्या लघुकादंबरीत ॲना आणि मार्टिन्स शेवटी हातात हात घालून निघतात. रीड अडून बसला आणि ग्रीनने नंतर त्याचं बरोबर होतं हे छापून कबूल केलं. मध्यवर्ती दफनभूमीतला तो रस्ता, दुतर्फा निष्पर्ण झाडं, कॅमेरा पूर्ण स्थिर आणि, हे महत्त्वाचं, पूर्ण सरळ. मार्टिन्स हातगाडीला टेकून उभा. ॲना लांबून ठिपक्याएवढी येते, मिनिटभराहून अधिक काळ चालत राहते आणि त्याच्याकडे न पाहता निघून जाते. लाइम या वेळी खरोखरच मेलेला आहे, तरी तिच्या बाजूने निवड त्याचीच झालेली आहे.

चित्रपट ब्रिटनमध्ये 1949 मध्ये आला, त्याच वर्षी कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. पाहणाऱ्याने प्रत मात्र तपासून घ्यावी. ब्रिटिश प्रत 104 मिनिटांची. सेल्झनिकने अमेरिकेसाठी 11 मिनिटं कापून 93 ची केली आणि मार्टिन्सचा मवाळपणा, दारू, लाचारी यांतली धार बोथट केली. ओळखायला शेवटपर्यंत थांबावं लागत नाही. सुरुवातीचं निवेदन मार्टिन्स म्हणून जोसेफ कॉटन करत असेल तर ती अमेरिकन प्रत. व्हिएन्नाच्या काळ्या बाजारात मुरलेल्या कुणा निनावी माणसाचा बेफिकीर आवाज असेल तर तो खुद्द रीडचा, आणि तीच प्रत पाहावी.